लाईट आली, पण नेट आलं नाही: घरच्या संगणकाच्या बंद जोडणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं दुमजली घर. वरच्या खोलीत बसून घरातल्या हिशेबनीस बाई गावातल्या चार दुकानांचे हिशेब लिहितात आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरतात. संगणक आठ-नऊ वर्षांचा, विंडोज १० वर चालणारा. मदरबोर्डवरच लॅनचं पोर्ट आहे. वाय-फाय कार्ड बसवलेलं नाही, म्हणजे नेट येणार ते वायरनेच.

इंटरनेट स्थानिक केबलचालकाच्या फायबरवरून येतं. फायबर खालच्या हॉलमधल्या ओएनटीत शिरते. ओएनटी म्हणजे घरात ज्याला सगळे ‘मोडेम’ म्हणतात तो डबा. वाय-फायही तोच देतो आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ताही तोच वाटतो. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१. तिथून साधारण १८ मीटर लांबीची कॅट-५ई वायर जिन्याच्या कडेने केसिंगपट्टीतून वर जाते आणि पाच पोर्टांच्या छोट्या स्विचला (एका वायरचं नेट अनेक वायरींना वाटणाऱ्या डबीला) लागते. स्विचमधून एक वायर संगणकाला, एक प्रिंटरला. तिसरीही एक वायर होती. ती कुठे जाते, हे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

१७ जुलैच्या संध्याकाळी वादळी पावसात वीज गेली. इन्व्हर्टर पाच-सहा तासांत बसला. मधे एकदा वीज येऊन व्होल्टेज खालीवर व्हायला लागलं, म्हणून घरच्यांनी मेन स्विचच पाडून ठेवला. तो वर केला १९ तारखेला सकाळी आठला. इन्व्हर्टर बसल्यापासूनचे मधले तीसेक तास घरातल्या कुठल्याच उपकरणाला वीज नव्हती. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ या तीसेक तासांत आहे.

समस्या

मेन वर केल्याबरोबर ओएनटी, स्विच आणि संगणक एकदमच सुरू झाले. संगणकाने विंडोज सुरू होण्याआधी काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी दाखवल्या आणि ‘एफ१’ दाबायला सांगितलं. ते दाबल्यावर विंडोज नेहमीसारखं उघडलं, पण नेट नव्हतं. कोपऱ्यातल्या खुणेवर माउस नेला की ‘नो इंटरनेट ॲक्सेस’.

जीएसटीआर-३बी हे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, निरंक विवरणपत्राला २०, शिवाय थकलेल्या करावर १८ टक्के दराने व्याज. चार दुकानांचे आकडे तयार होते आणि हातात दीड दिवस होता.

दुपारपर्यंत चार गोष्टी करून झाल्या. शेजारच्या मुलाने व्हिडिओ बघून विंडोजचं ‘नेटवर्क रीसेट’ मारलं, फरक शून्य. केबलचालकाच्या माणसाने फोनवर दिवे विचारले: ‘पॉन’ हिरवा स्थिर, लाल ‘लॉस’ बंद. त्याच्या पडद्यावर प्रकाशाची पातळी उणे २१ डीबीएम दिसत होती, म्हणजे चांगलीच (उणे २७ च्या खाली घसरली की काळजी). त्याने लाईन ठीक असल्याचं सांगितलं आणि ते खरंच होतं. घरातले फोनही चालत होते, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की बिघाड संगणकातच आहे.

चौथा प्रयत्न बाईंनी स्वतः केला. लॅनची वायर काढली, फोन यूएसबीने जोडला आणि फोनचं नेट संगणकाला दिलं. वायर काढली हे योग्यच केलं. दोन्ही वाटा चालू ठेवल्या तर विंडोज मेलेल्या वाटेनेही जाऊ बघतं. खुणेवर आता नेट दिसायला लागलं, पण जीएसटीचं संकेतस्थळ उघडेना. बँकेचंही नाही. लाल खुणेचं पान यायचं, ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ अशा अर्थाचं. बाजारपेठेतल्या संगणकाच्या दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, “व्हायरस असणार, फॉरमॅट मारावं लागेल, मशीन घेऊन या.”

समोर असलेले पर्याय

दुपारी तीनच्या सुमारास बाईंनी ओळखीच्या एका तंत्रज्ञाला फोन लावला. तो दुसऱ्या गावी, रस्त्यावर झाडं पडलेली; येणं शक्य नव्हतं. जे काही करायचं ते फोनवरूनच. त्या वेळी पुढ्यात असलेले पर्याय असे होते.

फॉरमॅट. अर्धा दिवस जाणार, हिशेबाच्या प्रणालीची पुन्हा मांडणी करावी लागणार आणि डेटाची शेवटची प्रत जून अखेरची. हा पर्याय आधी बाजूला ठेवला. कारण सरळ होतं: वायरने जोडलं तर नेट नाही आणि फोनने जोडलं तर लाल पान, ही दोन लक्षणं वेगवेगळी आहेत. दोन्हींना एकच रोग आहे असं धरून चालण्यासारखं काही हातात नव्हतं.

ओएनटीचं मागचं छिद्र पिनेने दाबून फॅक्टरी रीसेट. घरातल्या एकाची तयारी झालीच होती. तंत्रज्ञाने हात आखडायला लावला. रीसेट केलं की बहुतेक ओएनटींमधलं केबलचालकाचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनची मांडणी पुसली जाते, आणि त्यांचा माणूस येईपर्यंत चालू असलेली लाईनही बंद पडते.

नवं लॅन कार्ड. पोर्टचा दिवा लुकलुकत होता आणि विंडोजमध्ये जोडणीचा वेग १ जीबीपीएस दिसत होता. त्या वेगाला वायरच्या चारही जोड्या शाबूत लागतात. त्यामुळे कार्ड आणि संगणकापासून स्विचपर्यंतची वायर दोन्ही संशयातून सुटली.

संगणकाला हाताने आयपी पत्ता देणं. हा सल्ला शेजाऱ्याचा. यातली अडचण अशी की तो लागू पडला असता! १९२.१६८.१.५० हा पत्ता, १९२.१६८.१.१ हे गेटवे (बाहेर जायची वाट) आणि एक डीएनएस (संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता सांगणारा) भरला असता तर वायरचं नेट लगेच आलं असतं आणि खरा दोष घरात तसाच राहिला असता. तंत्रज्ञाने हा पर्याय राखून ठेवला: तासाभरात काही सापडलं नाही तर वेळ निभावण्यासाठी.

शेवटचा पर्याय, वायरपासून संकेतस्थळापर्यंत एकेक टप्पा तपासत जायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तो निवडला.

तपासणी: आधी फोन, मग संगणक

पहिला प्रश्न संगणकाबद्दल नव्हताच. “ताई, घरातल्या सगळ्या फोनांचा मोबाइल डेटा बंद करा, नुसतं वाय-फाय ठेवा. आता सांगा.”

दोन फोन होते आणि दोन उत्तरं आली. बाईंच्या फोनवर व्हिडिओ चालला, सासऱ्यांच्या फोनवर काहीच उघडेना. सकाळपासून ‘फोन चालतायत’ असं जे सगळे धरून बसले होते, त्यातला एक फोन वाय-फायला जोडलेला राहून गुपचूप मोबाइल डेटावर चालत होता. लाईन चालू आहे हे बाईंच्या फोनवरून पक्कं झालं. दोष एकट्या संगणकाचा नाही हे सासऱ्यांच्या फोनवरून कळलं.

मग दोन्ही फोनांच्या वाय-फायच्या तपशिलात जाऊन आयपी पत्ते वाचायला सांगितले. चालणारा फोन: १९२.१६८.१.३१. न चालणारा: १९२.१६८.०.१०३. तिसरा आकडा एका ठिकाणी १, एका ठिकाणी शून्य. एका घरात, एका ओएनटीखाली असं व्हायला नको.

संगणकावर लॅनची वायर परत लावली, काळी खिडकी उघडली आणि ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा दिली. वाचून घेतलेल्या ओळी:

आयपीव्ही४ पत्ता: १९२.१६८.०.१०१
डिफॉल्ट गेटवे: १९२.१६८.०.१
डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारा): १९२.१६८.०.१

इथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला असता तर अर्थ वेगळा होता: पत्ता द्यायला कोणीच पुढे आलं नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक लावून घेतला. मग वायर, स्विच, ओएनटीचं पोर्ट हे बघावं लागलं असतं. इथे कोणीतरी पत्ता दिला होता. फक्त तो देणारा घरचा ओएनटी नव्हता.

पिंग १९२.१६८.०.१ केलं, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारली, तर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत आलं, म्हणजे तो ‘कोणीतरी’ घरातच होता. पिंग ८.८.८.८ (इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता) केलं तर १९२.१६८.०.१ वरूनच ‘डेस्टिनेशन नेट अनरीचेबल’. या उत्तराकडे नीट बघावं. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आलं नाही. इथे मात्र गेटवे स्वतः सांगतोय की माझ्याकडे बाहेर जायला वाट नाही.

“घरात काही बदल केलाय का?” या प्रश्नाला सकाळपासून ‘नाही’ हेच उत्तर मिळत होतं. आता प्रश्न बदलला: “स्विचमध्ये वायरी किती आहेत, आणि प्रत्येक कुठे जाते?” तिसरी वायर हाताने धरून शेवटपर्यंत गेल्यावर ती शेजारच्या खोलीत, पडद्यामागे, कपाटावर ठेवलेल्या जुन्या राउटरला पोचली. मे महिन्याच्या सुट्टीत आलेल्या भाच्याने वरच्या मजल्यावर वाय-फायची रेंज मिळावी म्हणून तो लावला होता.

पहिला दोष: पत्ते वाटणारे दोन

भाच्याने वायर राउटरच्या लॅन पोर्टात लावली होती आणि वॅन पोर्ट (बाहेरचं नेट आत घेणारं) रिकामं ठेवलं होतं. जोडणी म्हणून हे चूक नाही. जुना राउटर नुसता वाय-फायचा खांब म्हणून वापरायचा तर असंच लावतात. राहिलं होतं ते त्याचं डीएचसीपी बंद करणं. त्यामुळे घरात पत्ते वाटणारे दोघे झाले: ओएनटी, ज्याच्याकडे बाहेरची वाट आहे, आणि जुना राउटर, ज्याच्याकडे ती नाही.

दोन महिने हे चाललं कसं? संगणक रोज सुरू होताना आधी कालचाच पत्ता मागतो. ओएनटी जागा असायचा, तो लगेच मान्य करायचा. १९ तारखेला सगळं एकाच क्षणी सुरू झालं. ओएनटीला उठून कामाला लागायला दोन-तीन मिनिटं लागतात, जुना राउटर मिनिटभरात तयार. संगणकाने हाक मारली तेव्हा जागा होता तो जुना राउटर. सासऱ्यांच्या फोनचंही तेच झालं. वरच्या मजल्यावर ‘वाय-फाय कधी लागतं, कधी नाही’ अशी तक्रार जूनपासून होतीच. ती सगळ्यांनी रेंजच्या नावावर टाकली होती.

तिसरी वायर स्विचमधून काढली. ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’, मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’. नवा पत्ता १९२.१६८.१.३४. पिंग ८.८.८.८ ची चारही उत्तरं आली. कोपऱ्यातली खूणही बदलली. आणि जीएसटीचं संकेतस्थळ? तेच लाल पान.

दुसरा दोष: तारीख

या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण हा. “म्हणजे राउटरचा काही संबंध नव्हता,” असं म्हणून तिसरी वायर परत लावायला हात गेलाच होता. तसं झालं असतं तर सापडलेला दोष पुन्हा घरात आला असता आणि संध्याकाळ गोल फिरण्यात गेली असती. तंत्रज्ञाने वायर बाहेरच ठेवायला सांगितली. लक्षण बदललं होतं: आधी बाहेर जायची वाटच नव्हती, आता वाट होती आणि फक्त पानं अडत होती. दुपारी फोनच्या नेटवरही हेच पान आलं होतं, तेव्हा या पानाचा घरातल्या वायरींशी संबंध नाही हे दुपारीच दिसत होतं.

नावाने पिंग केलं तर नाव पत्त्यात बदलत होतं, म्हणजे डीएनएस ठीक. मग विंडोज स्वतः नेट आहे की नाही हे तपासायला जे छोटं पान मागवतं, ते ब्राउझरमध्ये उघडलं. ते कुलुपाशिवायचं, म्हणजे सुरक्षित नसलेलं, साध्या एचटीटीपीचं पान आहे. ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ ही एक ओळ लगेच दिसली. खुणेवर नेट आणि तरी बँक बंद, हे का, ते इथे उलगडलं. ती खूण कुलुपाच्या पानांची परीक्षा घेतच नाही.

आता लाल पान शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायला सांगितलं. तळाशी बारीक अक्षरांत होतं: ‘नेट::ईआरआर_सर्ट_डेट_इनव्हॅलिड’. त्यातला ‘डेट’ पुरेसा होता. संगणकाची तारीख होती १ जानेवारी २०१४. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. २०१४ मध्ये बसलेल्या संगणकाच्या लेखी आजची सगळी प्रमाणपत्रं अजून सुरूच व्हायची होती, म्हणून तो एकही मानत नव्हता.

ही तारीख दिवसभर कोणाला दिसली नाही, कारण टास्कबारवर लहान आयकॉन निवडलेले होते. विंडोज १० तशा मांडणीत फक्त वेळ दाखवतं, तारीख नाही. वेळ चुकलेली सासऱ्यांनी सकाळी पाहिली होती, पण लाईट गेली की घड्याळ चुकणारच, असं म्हणून ती सोडून दिली.

कारण मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी. ती कधीच मेली होती. एरवी वीज गेली तरी इन्व्हर्टरमुळे पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला स्टँडबायचे ५ व्होल्ट मिळत राहायचे आणि घड्याळ त्यावर चालायचं. या वेळी तीसेक तासांत तेही थांबलं. सकाळच्या काळ्या पडद्यावरच्या दोन ओळी हेच सांगत होत्या. विंडोजने नंतर स्वतःहून तारीख का सुधारली नाही, याचंही उत्तर आहे: घरगुती संगणकावर त्याची वेळ जुळवणारी सेवा मूळ मांडणीत १५ तासांपर्यंतचाच फरक दुरुस्त करते. इथे फरक वर्षांचा होता.

तारीख आणि वेळ हाताने भरली, ब्राउझर बंद करून उघडला. संकेतस्थळ उघडलं.

निष्पत्ती

इथे आणखी एक निर्णय होता: बॅटरी आधी की विवरणपत्रं आधी? हाताने भरलेली तारीख वीज असेपर्यंत टिकणार होती आणि पाऊस थांबलेला नव्हता. विवरणपत्रं आधी भरली. तिसरी वायर बाहेर, प्रिंटर जसा होता तसा. चारही दुकानांची कामं १९ तारखेच्या रात्रीच आटोपली. फोन लावल्यापासून संकेतस्थळ उघडेपर्यंत दीड तास लागला होता, त्यातला बराचसा पत्ते वाचून दाखवण्यात.

बॅटरी दोन दिवसांनी बदलली. प्लग भिंतीतून काढला, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेला भार घालवला, बाजूची क्लिप नखाने मागे सारली, अधिक खुणेची बाजू वर ठेवून नवी बसवली. जुनी मल्टिमीटरवर १.९ व्होल्ट दाखवत होती. नवी ३ च्या किंचित वर असते. मग बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या मांडणीत) तारीख भरली आणि डिस्कची एएचसीआय मांडणी, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जागेवर आहे ना ते पाहिलं. बॅटरी गेल्यावर काही मदरबोर्डांवर ती बदलते आणि मग विंडोज सुरूच होत नाही. तसं झालं की लोक डिस्क गेली असं समजून नवी घेऊन येतात.

जुना राउटर फेकला नाही. वरच्या मजल्याला त्याची गरज खरी होती. त्याला स्विचपासून तोडून एका वायरने थेट संगणकाला जोडलं आणि १९२.१६८.०.१ वर जाऊन आधी त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला (ओएनटी पत्ते १० पासून पुढे वाटतो, हे आधी पाहून घेतलं होतं). तो पुन्हा सुरू झाल्यावर नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद केलं. हा क्रम उलटा करू नये: डीएचसीपी आधी बंद केलं आणि मग राउटर पुन्हा सुरू झाला तर संगणकाला पत्ताच मिळत नाही आणि राउटरचं पान उघडायला हाताने पत्ता भरावा लागतो. वाय-फायचा चॅनेल ओएनटीचा १ होता, म्हणून याचा ६ ठेवला. वायर परत लॅन पोर्टातच.

प्रिंटर मात्र अडून बसला. त्यानेही १९ तारखेला शून्याच्या रांगेतला पत्ता घेतला होता. बंद करून चालू केल्यावर त्याला बरोबर रांगेतला पत्ता मिळाला, पण पूर्वीचा नव्हे, आणि विंडोज पूर्वीच्याच पत्त्यावर कागद पाठवत राहिलं. ओएनटीमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवला, विंडोजमधलं पोर्ट त्याला जुळवलं.

काय वेगळं करता आलं असतं

सकाळी आठचा काळा पडदा हा सगळ्यात स्वस्त धागा होता. फोनने एक फोटो काढून ठेवला असता तरी दुसरा दोष उगवतानाच कळला असता. तो पुढे दिसलाही नाही, कारण वीज टिकून राहिल्याने ही सूचना एकदाच आली.

मोबाइल डेटा बंद करून फोन तपासणं दुपारी तीनला झालं, ते सकाळी सव्वाआठला व्हायला हवं होतं. ‘फोन चालतोय’ या एका वाक्यावर लाईनवाला, शेजारी आणि दुकानदार तिघांनीही आपापलं निदान बांधलं होतं.

फोनच्या नेटचा प्रयत्न बाईंनी केला हे उत्तमच. फक्त त्याचा निकाल चुकीचा वाचला गेला. दोन वेगळ्या वाटांनी तेच लाल पान येत असेल तर वाटेला दोष देता येत नाही, आणि त्यातून थेट व्हायरसही सिद्ध होत नाही. त्या क्षणी पानाच्या तळाची ओळ कोणी वाचली असती तर तारीख सुधारून, फोनच्याच नेटवर, दुपारी एकच्या आत विवरणपत्रं भरून झाली असती. राउटर सावकाश शोधता आला असता. तंत्रज्ञानेही सुरुवातीला त्या पानाचा फोटो मागवला नाही, वायरपासूनच सुरुवात केली. मुदत तोंडावर असताना आधी तो मागवणं शहाणपणाचं ठरलं असतं.

मेन वर करताना ओएनटी आधी, तीन मिनिटांनी बाकीचं, असं केलं असतं तर पहिला दोष त्या दिवशी कदाचित दिसलाच नसता. पण तो गेलाही नसता; पुढच्या एखाद्या लांबलेल्या वीजबंदीनंतर उगवला असता.

जुन्या राउटरच्या पाठीवर आता कागदी पट्टी चिकटवलेली आहे: पत्ता १९२.१६८.१.२, डीएचसीपी बंद, वायर लॅनमध्येच, मागचं बटण दाबू नये. ते बटण कोणी पिनेने दाबलं तर राउटर पुन्हा १९२.१६८.०.१ होऊन पत्ते वाटायला लागेल. भाचा दिवाळीत पुन्हा येणार आहे.